एकाच रेखाटनातून तीन नकाशे: थेरियनमध्ये कोणते चिन्ह कुठे दाखवावे?

प्रश्न: कात्रजकर

नमस्कार. आम्ही पाच जण सुट्टीच्या दिवशी, लेखी परवानगी घेऊन, कात्रजच्या जुन्या नळाच्या एका छोट्या टप्प्याचे मोजमाप करत आहोत. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेल्या या नळाने कात्रजच्या तलावांचे पाणी शनिवारवाड्याकडे आणि शहरातल्या हौदांकडे येत असे, आणि वाटेत जागोजागी ठेवलेल्या उच्छ्वासांमधून हवा खेळती राही, हे पुणेकरांना सांगायला नको. जमिनीखालचा अरुंद, वळणावळणाचा आणि अंधारा मार्ग इमारतीच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसेना, म्हणून आम्ही गुहांच्या सर्वेक्षणासाठी वापरले जाणारे थेरियन घेतले. मोजमापे व्यवस्थित भरली गेली, रेखाटनही पूर्ण झाले. घोडे अडले आहे ते चिन्हांपाशी.

आम्हाला एकाच रेखाटनातून तीन नकाशे हवे आहेत. पहिला आमच्यासाठी, ज्यात प्रत्येक सर्वेक्षण-स्टेशन (मोजमाप जिथून घेतले तो बिंदू), मध्यरेषा (स्टेशने जोडणारी रेषा) आणि गाळाची खोली दिसली पाहिजे. दुसरा दुरुस्तीचा अंदाज करणाऱ्या वास्तुतज्ज्ञांसाठी, ज्यात स्टेशने नकोत पण पाणी, पडझड आणि गळती हवी. तिसरा शाळेतल्या मुलांना दाखवण्याच्या फलकासाठी, ज्यात भिंती, उच्छ्वास, उत्तर दिशा आणि मापपट्टी एवढेच पुरे.

सुरुवातीला मी सोपा वाटणारा मार्ग धरला, म्हणजे रेखाटनाच्या फाइलीच्या तीन प्रती केल्या आणि प्रत्येकीतून नको ती चिन्हे खोडली. पुढच्या रविवारी एका वळणाचे माप दुरुस्त झाले, ते मी एका प्रतीत बदलले, उरलेल्या दोन प्रतींत बदलायचे राहून गेले, आणि महिन्याभरात तिन्ही नकाशांतली भिंत तीन ठिकाणी गेली. आता मी एकाच फाइलीवर परत आलो आहे आणि लेआउटमधल्या (नकाशात काय आणि कसे छापायचे ते सांगणाऱ्या भागातल्या) ‘सिम्बॉल-हाइड’ या आज्ञेने चिन्हे लपवू पाहतो आहे. तरीही चार गोष्टी जुळत नाहीत. ‘सिम्बॉल-हाइड ग्रूप सेंटरलाइन’ लिहिल्यावर मध्यरेषा गेली, पण स्टेशनांची नावे तशीच राहिली. पाण्याचा गट लपवला तर प्रवाहाच्या बाणांबरोबर साचलेले पाणीही गेले. ‘नैसर्गिक गुहेतली सजावट आपल्याकडे कुठली’ असे म्हणून ‘स्पेलिओथेम्स’ हा गट सगळ्याच नकाशांतून काढला, तर वास्तुतज्ज्ञ बाई म्हणाल्या, की त्यांना हवी असलेली एक खूणच नाहीशी झाली आहे. आणि उच्छ्वासासाठी कुठल्याच चिन्हसंचात चिन्ह सापडत नाही.

फलकाच्या नकाशाची कच्ची प्रत काल झेरॉक्सच्या दुकानात ए-तीन कागदावर काढली. दुकानदाराने कागद उजेडाकडे धरला आणि विचारले, “एवढ्या मुंग्या कसल्या आहेत यात?” उच्छ्वासाभोवती स्टेशनांच्या नावांचा आणि दगडगोट्यांच्या ठिपक्यांचा खरोखरच तसा गिचमिडा झाला होता.

(आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. फाइलीत त्या अर्थातच रोमन अक्षरांत आहेत.)

प्रतिसाद: होकायंत्र

प्रती करून खोडण्याचा मार्ग आपण सोडला हे उत्तम झाले. रेखाटनात जे पाहिले ते सगळे असावे, आणि कोणत्या कागदावर काय उतरावे हे लेआउटने ठरवावे, अशीच थेरियनची रचना आहे. प्रत्यक्ष चित्र काढण्याचे काम थेरियन मेटापोस्ट आणि टेक या चित्र व मजकूर मांडणाऱ्या प्रोग्रॅमांकडून करून घेते. रेखाटनाच्या फाइलीत केवळ ‘येथे दगडगोटे आहेत’ एवढीच नोंद असते, गोट्याचे चित्र नसते. म्हणून तीच नोंद एका नकाशात दिसू शकते, दुसऱ्यात लपू शकते आणि तिसऱ्यात वेगळ्या चिन्हाने उमटू शकते.

स्टेशनांची नावे का राहतात याची दोन कारणे संभवतात आणि दोन्ही तपासावीत. पहिले म्हणजे आपल्या लेआउटमध्ये ‘डीबग स्टेशन-नेम्स’ ही ओळ असावी. ती तपासणीसाठी नावे छापते, मध्यरेषेच्या गटाशी तिचा संबंध नाही. माझा कयास असा, की आपण स्वतःसाठीचा लेआउट आधी लिहिला आणि इतर दोन ‘कॉपी’ या आज्ञेने त्यावरून घेतले, त्यामुळे ही ओळ निमूटपणे त्यांच्यातही शिरली. ‘डीबग ऑफ’ असे त्या दोन लेआउटमध्ये स्पष्ट लिहावे. दुसरे कारण असे, की काही नावे रेखाटनातच ‘पॉइंट स्टेशन-नेम’ म्हणून हाताने ठेवलेली असतात. ती मजकुराच्या, म्हणजे ‘टेक्स्ट’ गटात मोडतात. तो संपूर्ण गट लपवला तर उंचीचे आकडे आणि हौदाचे नावही जाईल, म्हणून आधी गट लपवून मग ‘सिम्बॉल-शो पॉइंट लेबल’ने लेबले परत आणावीत.

आज्ञा वरून खाली वाचल्या जातात आणि नंतरची आधीचीला मोडते, हे सगळ्याचे मर्म आहे. पाण्याचेही तेच करावे: ‘सिम्बॉल-हाइड ग्रूप वॉटर’ आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘सिम्बॉल-शो एरिया वॉटर’. बाण जातील, साचलेले पाणी राहील. या दोन ओळींचा क्रम उलटा लिहिला तर शो केलेले पाणी पुन्हा हाइडच्या पोटात जाते आणि कुठलीही चूक न दाखवता नकाशा कोरडा निघतो. मी स्वतः यात एक संपूर्ण संध्याकाळ घालवली आहे.

फलकासाठी तर मी उलट दिशेने जाईन. एकेक नको ते लपवत बसण्यापेक्षा ‘सिम्बॉल-हाइड ग्रूप ऑल’ लिहून सगळे झाकावे आणि मग ‘लाइन वॉल’ व आपले उच्छ्वास एवढेच उघडावेत. उत्तर दिशेचा बाण आणि मापपट्टी ही थेरियनमध्ये ‘स्पेशल’ प्रकारची चिन्हे आहेत. सगळे झाकल्यावर तीही दिसत नसतील तर त्यांनाही ‘शो’ म्हणावे. याचा फायदा पुढे कळतो: उद्या रेखाटनात आपण नवे काही भरले, तरी ते न विचारता फलकावर येत नाही. ‘कॉपी’ घेतली असली तरी चिन्हांच्या ओळी प्रत्येक लेआउटमध्ये पूर्ण लिहाव्यात, असे माझे मत आहे. चार ओळी जास्त होतात, पण सहा महिन्यांनी ती फाइल उघडणाऱ्याला मूळ लेआउट शोधत हिंडावे लागत नाही.

मुंग्यांचे कारण केवळ नावे नाहीत. फलकाचे प्रमाण आपण १:५०० ठेवले असेल आणि रेखाटन १:२०० डोळ्यांपुढे ठेवून केले असेल, तर नकाशा जितका आक्रसतो तितकी चिन्हे आक्रसत नाहीत, आणि मोकळ्या जागेतले दहा गोटे एकमेकांवर चढतात. लेआउटमध्ये ‘बेस-स्केल १ २००’ लिहिल्यास थेरियन १:२०० चा नकाशा छायाप्रतीने लहान केल्यासारखा काढते, म्हणजे चिन्हेही त्याच प्रमाणात लहान होतात. मात्र मुलांना वाचता येईल अशा फलकासाठी चिन्हे बारीक करण्यापेक्षा कमी करणेच योग्य ठरेल.

प्रतिसाद: चुना आणि सुरखी

मी जुन्या बांधकामांच्या जतनाचे काम करते. नळावर काम करणाऱ्या बाई मी नाही, तरी त्यांची तक्रार मला पूर्ण पटते. चुन्याच्या बांधकामातून पाणी झिरपले, की ते सांध्यांमधला चुना विरघळवून सोबत आणते, आणि छतापाशी हवेशी गाठ पडताच तो पुन्हा घट्ट होतो. त्यातून पोकळ, पांढऱ्या, पेनाच्या नळीएवढ्या काड्या लोंबू लागतात. त्या दिसायला मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांमधल्या सोडा-स्ट्रॉसारख्या असतात, पण त्यांच्यामागे डोंगर नसून आपल्याच कमानीतला चुना असतो. जिथे काड्या आहेत तिथे वरून पाणी उतरते आहे आणि सांधे पोकळ होत आहेत, असा त्यांचा सरळ अर्थ. आपण त्या ‘पॉइंट सोडा-स्ट्रॉ’ म्हणून अचूक नोंदवल्या असणार, आणि म्हणूनच स्पेलिओथेम्सचा गट लपवताच दुरुस्तीच्या नकाशातून गळती गायब झाली.

गटांची नावे नैसर्गिक गुहांच्या हिशेबाने पाडलेली आहेत, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावे. सह्याद्रीच्या काळ्या दगडात चुनखडीची सजावट मिळत नाही, हे बरोबर, पण माणसाने बांधलेल्या भुयारात ती मिळते, आणि नेमकी तिथेच ती धोक्याची खूण असते. तेव्हा गट लपवण्याआधी त्यात आपले काय काय जाते, हे एकदा सगळे उघडे ठेवून काढलेल्या नकाशावर पेन्सिलने तपासावे.

दुरुस्तीच्या नकाशात मी तर ही चिन्हे उठून दिसतील अशी ठेवीन. ‘सिम्बॉल-कलर’ या आज्ञेने एका चिन्हाला किंवा पूर्ण गटाला रंग देता येतो. लाल, हिरवा, निळा अशा क्रमाने शून्य ते १०० मधले तीन आकडे चौकटी कंसात द्यायचे. सोडा-स्ट्रॉ तांबड्या रंगात, साचलेले पाणी फिकट निळे आणि बाकी सर्व काळे, असा नकाशा ठेकेदारालाही एका नजरेत कळतो. सूचीसाठी ‘लेजंड ऑन’ पुरे, कारण त्यात नकाशात वापरलेलीच चिन्हे येतात. ‘लेजंड ऑल’ लिहिले तर बर्फापासून सगळ्याची यादी छापली जाईल आणि कात्रजच्या नळात बर्फ कुठला, असा प्रश्न बैठकीत हमखास येईल.

प्रतिसाद: कात्रजकर

दोघांचेही मनापासून आभार. डीबगची ओळ पहिल्या लेआउटमध्येच होती आणि ‘कॉपी’तून दोन्हींकडे गेली होती, कयास अगदी खरा निघाला. पाण्याचा क्रमही आता बसला. काड्यांबद्दलचे वाचून मी काल जुने फोटो पाहिले. तिसऱ्या उच्छ्वासाच्या अलीकडे, उजव्या खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीच्या सतरा काड्या एका ओळीत आहेत, आणि ती ओळ म्हणजे दोन कमानींचा सांधा आहे. मोजताना मी त्याला ‘शोभा’ असे वहीत लिहिले होते.

आता एक उपप्रश्न. स्टेशनांच्या खुणा आम्ही नेलपॉलिशने न करता खडूने केल्या आहेत, कारण हे बांधकाम वारशाचे आहे. त्यामुळे आमच्या नकाशातही ती स्टेशने कायमची नाहीत हे दिसावे, असे वाटते. आणि उच्छ्वासाचे काय करावे? आज मी तिथल्या स्टेशनाला ‘प्रवेशद्वार’ असा ध्वज (स्टेशनाच्या नोंदीत जोडायची खूण) लावून वेळ मारून नेली आहे, पण आत शिरायची जागा ती नव्हे.

प्रतिसाद: शून्य ठाणे

खडूच्या स्टेशनांसाठी ‘स्टेशन’ या चिन्हाचा ‘टेंपररी’ हा उपप्रकार आहेच. रंगवलेल्या, नैसर्गिक आणि पक्क्या खुणांचे उपप्रकार वेगळे आहेत, त्यामुळे रेखाटनात तो भरला की काम झाले.

उच्छ्वासासाठी तयार चिन्ह शोधत बसू नये. थेरियनबरोबर आंतरराष्ट्रीय गुहाविज्ञान संघटनेचा यूआयएस संच येतो, तसेच ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, न्यूझीलंड यांच्या संघटनांचे आणि अमेरिकेतल्या कार्ल्सबॅड कॅव्हर्न्स राष्ट्रीय उद्यानाचे संच येतात. थेरियनची सुरुवातच स्लोव्हाकियातल्या दोन गुहाप्रेमींनी १९९९ मध्ये केली, म्हणून बान्स्का बिस्त्रिट्साच्या गुहा-मंडळाचाही संच त्यात आहे. ‘सिम्बॉल-सेट’ने पूर्ण नकाशाचा संच बदलतो, तर ‘सिम्बॉल-असाइन’ने एखाद्याच चिन्हापुरता दुसरा संच नेमता येतो, उदाहरणार्थ सगळे यूआयएस ठेवून उत्तर दिशेचा बाण तेवढा वेगळा. संचांची नावे लहान-मोठ्या अक्षरांसकट जशीच्या तशी लिहावी लागतात. पण पेशव्यांच्या नळाची सोय यांपैकी कोणी केलेली नाही.

त्यासाठी स्वतःचे चिन्ह करावे. रेखाटनात बिंदूचा प्रकार लिहिताना सुरुवातीला ‘यू’ हे अक्षर आणि विसर्गासारखी दोन टिंबे देऊन पुढे आपले नाव लिहावे, म्हणजे हे वापरकर्त्याने केलेले चिन्ह आहे, असे थेरियनला कळते. मग लेआउटमध्ये ‘कोड मेटापोस्ट’ या भागात त्याच नावावरून मॅक्रो, म्हणजे चिन्ह काढणारा छोटा प्रोग्रॅम, लिहावा. बिंदूच्या मॅक्रोला चार गोष्टी मिळतात: जागा, फिरवण्याचा कोन, आकार आणि संरेखन. त्यांच्या आधारे एक चौकोन आणि त्याच्या आत एक वर्तुळ काढले, की बांधीव तोंडाचा उच्छ्वास होतो. खाली ‘इनिटसिम्बॉल’ने नाव नोंदवायला विसरू नये. मापे मिलिमीटरमध्ये न देता ‘यू’ या एककात द्यावीत. ते एकक नकाशाच्या प्रमाणाबरोबर बदलते, त्यामुळे १:२०० वर नेटका दिसणारा उच्छ्वास १:५०० वर ताटाएवढा होत नाही. माझ्या पहिल्या चिन्हात मी मिलिमीटर वापरले होते आणि छोट्या नकाशात ते चिन्ह भिंती ओलांडून बाहेर आले होते.

सूचीत त्याचे नाव येण्यासाठी लेआउटमधली ‘टेक्स्ट’ ही आज्ञा आहे. तिच्यात भाषेचे संक्षिप्त नाव, थेरियनला ठाऊक असलेला मजकूर आणि आपला मजकूर, असे तीन भाग असतात. त्याच आज्ञेने सूचीतले इतर शब्दही बदलता येतात. देवनागरी जोडाक्षरांशी झगडण्यापेक्षा मी स्वतः नकाशा एसव्हीजी या चित्र-फाइलीच्या प्रकारात काढून घेतो आणि मराठी शब्द शेवटी इंकस्केप या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतो. ‘उच्छ्वास’ हा शब्द तर परीक्षाच घेतो.

प्रवेशद्वाराचा ध्वज मात्र आधी काढावा. तो स्टेशनाच्या माहितीत राहिला, तर आपल्या नव्या चिन्हाच्या बरोबरीने तिथे प्रवेशाचा त्रिकोणही उमटत राहील. अगदीच ठेवायचा असेल तर ‘पॉइंट’ या शब्दापुढे ‘फ्लॅग’, दोन टिंबे आणि ‘एन्ट्रन्स’ लिहून तो लपवता येतो.

प्रतिसाद: होकायंत्र

ध्वजांचा विषय निघालाच आहे म्हणून एक भर. जिथे मार्ग पुढे जातो पण मोजलेला नाही, तिथे आपण ‘कंटिन्युएशन’ची नोंद केली असेल, आणि ती नकाशात प्रश्नचिन्हाने दिसते. हे प्रश्नचिन्ह दोन वाटांनी येते: स्टेशनाच्या ध्वजातून आणि रेखाटनात हाताने ठेवलेल्या बिंदूतून. एकच लपवले तर दुसरे राहते आणि आज्ञा चालत नाही, असा समज होतो. मुलांच्या फलकावर तर ही प्रश्नचिन्हे मुळीच नसावीत, कारण ‘पुढे कोणी गेलेले नाही’ एवढे वाचून मोठी माणसेही तोंड शोधायला निघतात. ‘ग्रूप ऑल’ झाकून सुरुवात करा असे मी म्हणालो, त्यामागे हेही एक कारण आहे. तरीही छापण्याआधी कागदावर बोट फिरवून एकदा पाहावे.

वटवाघळांची विष्ठा, म्हणजे ‘ग्वानो’ नोंदवली असेल तर तीही आपल्या नकाशापुरतीच ठेवावी. तिच्यावरून वटवाघळांची वस्ती कुठे आहे, हे कोणालाही कळते.

एखाद्याच बिंदूला वगळायचे असेल तर त्यासाठी लेआउटमध्ये काही करता येत नाही. लेआउट प्रकारांशी बोलतो, एकेका गोट्याशी नाही. त्या वेळी रेखाटनात त्या बिंदूला ‘व्हिजिबिलिटी ऑफ’ द्यावे लागते, पण मग तो तिन्ही नकाशांतून जातो. म्हणून ही सोय मी फक्त स्वतःच्या चुका झाकायला वापरतो.

जाता जाता, विषय चिन्हांचा असला तरी: बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असते आणि उच्छ्वासांवर लोखंडी जाळ्या आहेत. होकायंत्राचे प्रत्येक वाचन दोन्ही टोकांकडून घेतले आहे ना? तीन प्रतींत भिंत तीन ठिकाणी गेली ती सगळीच प्रतींची चूक नसेल.

प्रतिसाद: कात्रजकर

उलट वाचने घेतली होती, पण जाळीखालच्या दोन स्टेशनांवर फरक चार अंशांचा निघाला. ती दोन्ही स्टेशने जाळीपासून दूर सरकवून येत्या रविवारी पुन्हा मोजू.

तिन्ही नकाशे आज एकाच रेखाटनातून निघाले. फलकाच्या लेआउटमध्ये ‘ग्रूप ऑल’ झाकल्यावर सुरुवातीला कोरा कागदच आला, कारण मी ‘शो’च्या ओळी सवयीने वर लिहिल्या होत्या. त्या खाली नेल्यावर भिंती आल्या, चौकोनातले वर्तुळ आले आणि प्रश्नचिन्ह एकही आले नाही. दुरुस्तीच्या नकाशात सांध्यावरच्या सतरा काड्यांसाठी मी एकच तांबडे चिन्ह ठेवले आहे आणि शेजारी आकडा लिहिला आहे, कारण सतरा चिन्हे मांडली तर पुन्हा मुंग्या होतात. तो आकडा लेबल म्हणून दिला, त्यामुळे ‘टेक्स्ट’ गट लपवूनही तो टिकला.

झेरॉक्सवाल्याने आज कागद पाहिला आणि चौकोनातल्या वर्तुळावर बोट ठेवून म्हणाला, “हा आमच्या घरामागचा उच्छ्वास का?” तो त्याच्या घरामागचा नव्हता, त्याच्या पुढचा होता.